मिठाच्या छपराखाली

समुद्राच्या पाण्यात मीठ असतं हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. चौपाटीवर एकदा नाकातोंडात पाणी गेलं की पुरे! पण दोस्तांनो, काही समुद्रांच्या तळाखालीसुद्धा मीठ असतं, हे तुम्हाला माहीत आहे का? चिमूटभर नाही आणि पोतंभरही नाही. चांगलं दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर जाडीचं आणि शेकडो किलोमीटर पसरलेलं!

खनिज तेल शोधणाऱ्या मंडळींना या मिठाने जवळजवळ शंभर वर्षं झुलवलं. आधी त्यानेच त्यांना तेलाचा पत्ता सांगितला. मग त्यानेच त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आणि शेवटी, ज्याला ते जमिनीचा तळ समजत होते ते मीठ म्हणजे एका मोठ्या खजिन्याचं छप्पर आहे, असं निघालं. हे कसं घडलं, त्याचीच ही गोष्ट.

एवढं मीठ आलं कुठून?

उरण, पेण किंवा वसईकडे जाताना तुम्ही मिठागरं पाहिली असतील. भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात, उन्हाने ते आटतं आणि खाली मीठ उरतं. निसर्गाने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केलं.

सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोच्या आखाताच्या जागी एक मोठा खोलगट भाग तयार होत होता. जमिनीचे प्रचंड तुकडे एकमेकांपासून दूर सरकत होते, आणि मधल्या खड्ड्यात समुद्राचं पाणी अरुंद वाटेने आत शिरत होतं. हवा कोरडी आणि ऊन कडक. पाणी आटायचं, मीठ तळाशी बसायचं, पुन्हा नवं पाणी यायचं.

इथे एक छोटंसं गणित करू. एक किलोमीटर खोल समुद्र पूर्ण आटला, तर तळाशी किती जाड मीठ उरेल? शंभर मीटर? दोनशे? छे! जेमतेम सोळा-सतरा मीटर. मग किलोमीटरभर जाडीचं मीठ साचायला किती पाणी आटावं लागलं असेल, याचा तुम्हीच विचार करा. समुद्र एकदा भरून आटला असं झालंच नाही. तो सारखा भरत राहिला आणि सारखा आटत राहिला.

उपासाच्या पदार्थांत आपण जे सैंधव घालतो, तेही अशाच एका फार जुन्या, आटून गेलेल्या समुद्राचं मीठ. पाकिस्तानातली खेवडा इथली खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे खाणीतलं असो नाहीतर मिठागरातलं, मीठ शेवटी समुद्राचंच!

वाहणारा दगड

मिठाचा खडा हातात घेतला तर तो दगडासारखाच कडक लागतो. हातोडी मारली तर फुटतो. पण हाच खडा जमिनीत खोल, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत लाखो वर्षं राहिला, तर तो हळूहळू वाहू लागतो. हो, वाहू लागतो!

घरी पोळ्यांची कणीक मळलेली असेल तर आईला विचारून एक गोळा घ्या. त्याच्यावर तळहात ठेवून जोराने दाबा. बोटांच्या फटींतून कणीक वर आली ना? मिठाचं असंच होतं. नद्या समुद्रात गाळ आणून टाकतात. गाळावर गाळ साचतो, त्याचं ओझं मिठावर पडतं आणि जिथे ओझं कमी असेल तिकडे मीठ सरकतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या मदतीला येते. गाळ जसजसा खोल पुरला जातो, तसतसं त्यातलं पाणी पिळून निघतं आणि तो घट्ट, जड होतो. मीठ मात्र दाबलं तरी आणखी घट्ट होत नाही. एक घनमीटर मिठाचं वजन साधारण २.२ टन, ते तेवढंच राहतं. त्यामुळे काही किलोमीटर खोलीवर मीठ हलकं आणि भोवतालचा खडक जड, अशी उलटी परिस्थिती येते. मग मीठ वर चढू लागतं. त्याचे खांब तयार होतात, घुमट होतात, कधी वर पसरून भूछत्राचा आकार येतो. इराणमधल्या झाग्रोस पर्वतात तर काही ठिकाणी मीठ जमिनीतून वर येऊन डोंगरउतारावरून हिमनदीसारखं खाली पसरलेलं आहे.

मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपीसारख्या मोठ्या नद्यांनी कोट्यवधी वर्षं गाळ ओतला. त्याच्या ओझ्याने मिठाचे खांब वर आले, समुद्रतळाजवळ पोचले आणि तिथे आडवे पसरले. शेजारशेजारची मिठाची छत्रं एकमेकांना जोडली जाऊन त्यांचं अखंड छत झालं. त्यावर पुन्हा नवा गाळ बसला.

आता गंमत पाहा. हे मीठ सोळा कोटी वर्षांचं. आणि ते ज्या वाळूच्या आणि चिखलाच्या थरांवर पसरलं, ते त्याच्यापेक्षा कितीतरी तरुण. एरवी भूगर्भात म्हातारे थर खाली आणि तरुण थर वर असतात. इथे मात्र आजोबाच नातवाच्या खांद्यावर चढून बसले!

घुमटाच्या कुशीत तेल

तेल आणि मीठ यांचा संबंध काय? समुद्रात आणि तळ्यांत राहणारे सूक्ष्म जीव मेल्यावर चिखलात गाडले जातात. तो चिखल खोल जातो, तापतो, आणि लाखो वर्षांनी त्या जीवांच्या अवशेषांचं तेल बनतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. म्हणून ते खडकांमधल्या बारीक छिद्रांतून वर वर जात राहतं. वाटेत अडवणारं काही भेटलं नाही, तर थेट वर येऊन वाया जातं. तेलाचा साठा व्हायला दोन गोष्टी हव्यात: तेल धरून ठेवणारा सच्छिद्र खडक, आणि त्याच्यावर घट्ट बसलेलं झाकण.

मिठासारखं झाकण दुसरं नाही. त्याला छिद्रं जवळजवळ नसतातच. आणि चुकून तडा गेलाच, तर वाहणारं मीठ तो तडा आपोआप बुजवून टाकतं!

हे पहिल्यांदा जगाच्या डोळ्यांत भरलं ते अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. बोमाँट गावाजवळ स्पिंडलटॉप नावाचं एक ठेंगणं टेकाड होतं. याच्याखाली तेल आहे, असं पॅटिलो हिगिन्स नावाचा तिथला एक माणूस वर्षानुवर्षं सांगत होता आणि लोक त्याला हसत होते. अँथनी ल्यूकस या इंजिनिअरने मात्र त्याचं म्हणणं मनावर घेतलं. लुईझियानात मिठाच्या शोधात काम केल्यामुळे मिठाचे घुमट त्याच्या ओळखीचे होते. १० जानेवारी १९०१ रोजी त्याच्या विहिरीतून तेलाचा असा फवारा उडाला की तो आवरायला नऊ दिवस लागले. दिवसाला सुमारे एक लाख बॅरल तेल बाहेर पडत होतं, असा तेव्हाचा अंदाज होता. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर!

त्या दिवसापासून तेलवाले मिठाचे घुमट शोधू लागले. घुमटाच्या माथ्यावर आणि कडेला, जिथे वाळूचे थर मिठाला टेकून अडतात, तिथे विहिरी खोदायच्या. १९४७ साली तर ते लुईझियानाच्या किनाऱ्यापासून इतके दूर गेले की विहिरीवरून जमीन दिसेना. पण एक रिवाज पक्का होता: विहिरीत मीठ लागलं की थांबायचं. मिठाचा खांब थेट पाताळापर्यंत गेलेला असणार, त्याच्याखाली काय मिळणार, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

आवाजाने काढलेलं चित्र

समुद्राखाली काय आहे ते पाहायला तिथे डोळा पोचत नाही. मग पाहायचं कसं? आवाजाने!

सर्वेक्षण करणारं जहाज आपल्यामागे हवेच्या ‘बंदुका’ ओढत नेतं. त्या काही सेकंदांच्या अंतराने दाबलेली हवा फाडकन पाण्यात सोडतात. तो आवाज समुद्राच्या तळातून खाली शिरतो. प्रत्येक थराच्या सीमेवर त्याचा थोडा भाग परत फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो तसा. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबल तरंगत असतात. त्यांच्यात बसवलेले पाण्यातले मायक्रोफोन हे प्रतिध्वनी टिपतात. आवाज गेला कधी, परत आला कधी, यावरून थर किती खोल आहे ते काढता येतं.

पण त्यासाठी आवाजाचा वेग माहीत हवा. पाण्यात तो सेकंदाला साधारण १,५०० मीटर. मऊ गाळाच्या थरांत दोन ते तीन हजार मीटर. आणि मिठात? सुमारे ४,५०० मीटर! मिठात शिरलेला आवाज एकदम सुसाट पळतो. सगळा घोटाळा होतो तो इथेच.

नऊशे मीटरची खोटी टेकडी

पेन्सिल-कागद घ्या. समजा, गाळाखाली एक अगदी सपाट थर आहे. एका जागी या थराच्या वर दोन किलोमीटर जाडीचं मीठ आहे, आणि शेजारी मिठाऐवजी तेवढ्याच जाडीचा गाळ आहे. गाळातला वेग सेकंदाला २,५०० मीटर धरू. जाऊन-येऊन अंतर चार किलोमीटर. गाळातून आवाजाला १.६ सेकंद लागतील. मिठातून मात्र ०.९ सेकंदापेक्षाही थोडा कमी वेळ लागेल.

आता या मिठाचा पत्ताच नसलेला माणूस काय म्हणेल? ‘इथून आवाज लवकर आला, म्हणजे थर इथे वर उचललेला आहे!’ त्याच्या नकाशावर सपाट जमिनीवर जवळजवळ नऊशे मीटर उंचीची टेकडी उभी राहील. आणि तेल शोधणारे नेमकी अशीच टेकडी शोधत असतात, कारण तेल वर चढून उंचवट्यातच अडकतं. खोल समुद्रातल्या एका विहिरीला दहा-दहा कोटी डॉलर लागू शकतात. तेवढे पैसे ओतायचे आणि खाली टेकडीच नाही!

बरं, मिठाचा थर पाटासारखा सपाट असता तर वेगाची दुरुस्ती करून भागलं असतं. पण त्याचा पृष्ठभाग असतो ओबडधोबड, वर-खाली, कुठे कड्यासारखा उभा. पाण्याच्या पेल्यात तिरकी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते ना? प्रकाश वेग बदलताना वाकतो, त्याचा हा परिणाम. आवाजही तसाच वाकतो. मिठाच्या वाकड्यातिकड्या पाठीवर आदळून तो भलतीकडेच जातो. त्यामुळे जुन्या नकाशांवर मिठाखाली काय दिसायचं? काहीच नाही. नुसता धुरळा.

तळ नव्हे, छप्पर!

१९८० च्या दशकात मेक्सिकोच्या आखाताच्या उथळ भागात मोठे साठे सापडेनासे झाले. तेलाच्या धंद्यात कुणी कुणी त्याला ‘मृत समुद्र’ म्हणू लागलं. त्याच सुमारास एक वेगळीच गोष्ट लक्षात येऊ लागली. काही विहिरी मीठ लागल्यावरही थांबल्या नाहीत. त्या मीठ पार करून पलीकडे गेल्या, आणि खाली चक्क वाळूचे थर लागले! तेल धरून ठेवू शकतील असे सच्छिद्र थर.

म्हणजे मिठाचा हा खांब पाताळापर्यंत गेलेला नव्हताच. ते आडवं पसरलेलं छत होतं. आजवर ज्याला तळ समजून माणसं परत फिरत होती, ते छप्पर निघालं. आणि त्या छपराखालचा भाग कुणी पाहिलेलाच नव्हता.

१९९३ साली फिलिप्स, अ‍ॅनाडार्को आणि अ‍ॅमोको या तीन कंपन्यांनी लुईझियानाच्या किनाऱ्यापासून दूर ‘महॉगनी’ नावाच्या जागी मीठ भेदून खाली विहीर नेली आणि तिथे तेल लागलं. मिठाच्या छताखालचं, धंद्याला परवडेल असं आखातातलं हे पहिलं तेल मानतात. १९९६ च्या अखेरीस तिथून तेल काढायला सुरुवातही झाली.

बातमी पसरताच सगळेच मिठाखाली शिरायला धावले. पण पुढच्या काही वर्षांत कितीतरी विहिरी कोरड्या निघाल्या. चित्र अजून धूसरच होतं. धाडस होतं, नजर नव्हती.

ग्लासातून पेपर वाचा

ही नजर कशी आली, ते समजायला एक प्रयोग करा. जाड, नक्षीदार बुडाचा काचेचा ग्लास घ्या. तो वर्तमानपत्रावर ठेवा आणि वरून वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं वाकडी, तुटकी, एकात एक घुसलेली दिसतील. आता काय कराल?

एक उपाय म्हणजे डोकं हलवायचं. डावीकडून पाहा, उजवीकडून पाहा, समोरून, मागून. एका बाजूने न दिसलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने दिसतं. दुसरा उपाय जरा अवघड आहे. ग्लासाच्या बुडाचा नेमका आकार मोजून घ्यायचा आणि प्रकाश कुठे किती वाकला असेल ते गणिताने काढायचं. मग प्रत्येक किरण उलट्या दिशेने मागे नेला की मूळ अक्षराची खरी जागा सापडते.

शास्त्रज्ञांनी हे दोन्ही उपाय केले. पूर्वी एकच जहाज एका रेषेत जायचं आणि आवाज एकाच दिशेने ऐकायचं. २००४-०५ मध्ये ‘मॅड डॉग’ या तेलक्षेत्रावर ‘बीपी’ या कंपनीने अनेक जहाजं एकाच वेळी वापरली. आवाज एका जहाजाने करायचा, ऐकायचा दुसऱ्याने, आणि तोही निरनिराळ्या कोनांतून. म्हणजे डोकं हलवून पाहण्यासारखंच!

दुसरं काम कॉम्प्युटरचं. आधी मिठाच्या वरच्या थरांतला वेग ठरवायचा आणि मिठाची पाठ शोधायची. मग तिच्याखाली सगळं मीठच आहे असं समजून मिठाचा वेग भरायचा आणि मिठाचं पोट कुठे आहे ते पाहायचं. ते सापडलं की त्याच्याखाली पुन्हा गाळाचा वेग भरायचा, आणि मगच मिठाखालचं चित्र काढायचं. जुळत नसेल तर आकार थोडा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून! प्रत्येक फेरीत कोट्यवधी प्रतिध्वनी उलटे मागे न्यायचे. हे गणित कागदावर कित्येक वर्षांपूर्वीच मांडलेलं होतं. पण ते सोडवायला लागणारे ताकदवान कॉम्प्युटर नंतर आले. ते आले, आणि धुरळा हळूहळू बसू लागला.

ब्राझीलचा खजिना

आता मेक्सिकोच्या आखातातून दक्षिणेकडे, ब्राझीलच्या किनाऱ्याला येऊ. मिठाखाली पाहण्याच्या या विद्येचं सगळ्यांत मोठं बक्षीस इथे मिळालं.

नकाशात दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा पाहा. एकमेकांत बसतील असे दिसतात, कारण एके काळी ते एकच होते. तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वी ते फाटू लागले. भेगेत मोठमोठी तळी झाली. तळ्यांच्या तळाशी जीवांच्या अवशेषांनी भरलेला चिखल साचला, आणि त्याच्यावर छिद्रांनी भरलेला चुनखडीसारखा खडक तयार झाला. मग सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी आत शिरलं, आटलं, आणि या सगळ्यावर मिठाचं जाड झाकण बसलं. पुढे दोन्ही खंड आणखी दूर गेले आणि मध्ये अटलांटिक महासागर पसरला.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. मेक्सिकोच्या आखातात आजोबा नातवाच्या खांद्यावर होते. ब्राझीलमध्ये मात्र मिठाखालचे खडक मिठापेक्षा जुनेच आहेत. म्हणून आखातातल्या थरांना ‘मिठाखालचे’ म्हणतात, आणि ब्राझीलमधल्यांना ‘मिठाआधीचे’.

‘पेट्रोब्रास’ ही ब्राझीलची तेल कंपनी १९५३ साली स्थापन झाली. तिच्या शोधविभागाचे प्रमुख गिलेर्मी एस्ट्रेला हे स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ. मीठ भेदून खाली जायचंच, हा त्यांचा आग्रह होता. सँटोस खोऱ्यात, ‘परती’ नावाच्या जागी, कंपनीने पहिली विहीर खोदली. तिला एक वर्षाहून जास्त काळ लागला आणि २४ कोटी डॉलर खर्च आला. परतीने आशा दाखवली, पण साठा मोठा नव्हता. तिथे हात टेकले असते तर गोष्ट संपली असती. पण २००६ साली शेजारच्या ‘तुपी’ या जागी विहीर गेली, आणि २००७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं: इथून ५०० ते ८०० कोटी बॅरल तेल निघू शकेल!

किती खोल होतं हे तेल? आपलं ‘मुंबई हाय’ आठवा. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधलं. तिथल्या पाण्याची खोली आहे साधारण ७५ मीटर, आणि वाटेत मिठाचं छप्परही नाही. तुपीला पाणीच दोन किलोमीटरहून खोल. त्याखाली गाळाचे थर, त्याखाली सुमारे दोन किलोमीटर मीठ, आणि मग तेल. समुद्राच्या पृष्ठभागापासून पाच किलोमीटरहून जास्त! आपली तीन कळसूबाई शिखरं एकावर एक ठेवली तरी एवढी उंची भरत नाही.

२००९ च्या मे महिन्यात तुपीतून पहिलं तेल वर आलं. आज ब्राझीलच्या एकूण तेलातलं सुमारे तीन-चतुर्थांश तेल मिठाच्या छपराखालून येतं. आणि फाटलेल्या कागदाचा दुसरा तुकडा, म्हणजे आफ्रिकेतल्या अंगोलाचा किनारा? तिथेही मिठाखाली तेल सापडलंच.

मिठातून भोक पाडताना

चित्र स्पष्ट झालं म्हणून काम सोपं झालं असं नाही. विहीर खोदताना छिद्रात एक खास चिखल खेळवतात. तो खडकाचा भुगा वर आणतो आणि यंत्र थंड ठेवतो. मिठात हा चिखल गोड्या पाण्याचा करून चालत नाही. मीठ विरघळेल आणि छिद्र नको तेवढं रुंद होईल! म्हणून आधीच मीठ घालून तृप्त केलेलं पाणी, नाहीतर तेलासारख्या द्रवातला चिखल वापरतात.

शिवाय मीठ वाहतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. इतक्या खोलीवरच्या दाबात आणि उष्णतेत ते पाडलेल्या छिद्राकडे सरकू लागतं आणि छिद्र आवळत जातं. वेळेवर आत पोलादी नळी बसवली नाही, तर खोदायची सळईच अडकून बसते. मीठ संपून खालचा खडक सुरू होतो ती जागाही धोक्याची. तिथला खडक कधी चुरगळलेला असतो, तर कधी त्यातला दाब अचानक वेगळाच निघतो. वरच्या मजल्यावर उभं राहून खालच्या मजल्यावरच्या बंद खोलीचं दार उघडण्यासारखंच हे काम.

मिठाने एक उपकारही केला आहे. उष्णता मिठातून झटकन वर निघून जाते. त्यामुळे मिठाखालचे खडक तेवढ्याच खोलीवरच्या इतर खडकांपेक्षा थंड राहतात. ते फार तापले असते, तर तेल जळल्यासारखं होऊन त्याचा नुसता वायू उरला असता. म्हणजे मिठाने झाकणही पुरवलं आणि थंडावाही!

खजिना सापडला, पुढे काय?

तेल मिळालं की पैसा येतो आणि पैशाबरोबर भांडणंही येतात. पण ब्राझीलने २०१३ साली एक कायदा केला. त्यात ठरवून दिलेल्या तेलक्षेत्रांतून सरकारला मिळणाऱ्या रॉयल्टीतले ७५ टक्के शिक्षणासाठी आणि २५ टक्के आरोग्यासाठी खर्च करायचे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्यांतल्या चिखलातून आजच्या मुलांच्या शाळा, ही कल्पनाच किती मजेदार आहे!

दुसरी बाजूही पाहायला हवी. तेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते. तुपीच्या तेलाबरोबर जो वायू निघतो, त्यातच मुळात बराच कार्बन डायऑक्साइड असतो. तो हवेत न सोडता वेगळा काढून पुन्हा खालच्या खडकात दाबून भरतात. पण ते तेल गाडीत जळल्यावर निघणारा धूर कोण परत नेणार?

मिठाला मात्र आणखी एक काम मिळालं आहे. अमेरिकेने १९७७ पासून टेक्सास आणि लुईझियानातल्या मिठाच्या घुमटांत प्रचंड पोकळ्या करून त्यांत अडीअडचणीसाठी तेल साठवून ठेवलं आहे. तेल धरून ठेवण्यात मीठ पटाईत, हे निसर्गाने दाखवलंच होतं. आता अशा पोकळ्यांत हायड्रोजन साठवायचेही प्रयत्न चालू आहेत, म्हणजे उद्या तेलाऐवजी ते इंधन वापरता येईल.

शंभर वर्षांपूर्वी मिठाजवळ तेल असतं हे माणसाला कळलं. मग मिठाखालीही काहीतरी आहे हे कळायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षं जावी लागली. मधल्या काळात तेल काही कुठे गेलं नव्हतं. ते तिथेच होतं. बदलला तो फक्त एक समज: मीठ लागलं की सगळं संपलं, हा. आता मिठाच्या आरपार पाहता येतं. तिथलं किती तेल वर काढायचं आणि किती तिथेच राहू द्यायचं, हा प्रश्न मात्र कोणताही कॉम्प्युटर सोडवणार नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार आहे. तोवर तो नक्षीदार ग्लास घ्या आणि त्यातून पेपरातली एखादी बातमी पूर्ण वाचता येते का पाहा. सरळ समोरून नाहीच दिसली, तर बाजूने पाहा!